शिंगरू उंच झालं म्हणून लगेच पाठीवर बसू नका

अकलूजच्या घोडेबाजारातून शिंगरू घेऊन घरी आलात की पहिल्या आठवड्यात दहा जण येऊन बघून जातात आणि दहाच्या दहा एकच विचारतात, "बसायला कधी येणार?" दात कुठले, खातंय काय, खूर कसे आहेत हे कोणी विचारत नाही. आणि आपल्याला पण आतून तीच घाई असते, खोटं कशाला बोलू.

माझा पहिला नर सोन्या. वीस महिन्यांचा होता तेव्हाच 58 इंच भरला, अंगाने चकचकीत, बघणारा म्हणायचा आता काय राहिलं, टाका खोगीर. टाकलं. मी तेव्हा 78 किलो, वर आजोबांच्या वेळचं जड खोगीर, आणि रोज सकाळी कालव्याच्या रस्त्याने रपेट. चार महिन्यात तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की चावायला यायला लागला, पाठीवर हात ठेवला की खाली दबायचा, आणि पुढच्या डाव्या पायाला नळीवर आतल्या बाजूने हाड आलं. मी त्याला मस्तीखोर समजून अजून आवळत होतो. डॉक्टरने बघितलं आणि एवढंच म्हणाले, "हा मस्ती करत नाहीये, दुखतंय त्याला." सोन्या अजून आहे माझ्याकडे, खातो-पितो, फिरतो, पण बसायचा घोडा तो कधी झाला नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते दुसऱ्या शिंगरावर, हरणीवर, साडेतीन-चार वर्षं हळूहळू करत शिकलेलं आहे.

तर आधी वय कशावरून धरायचं ते. इंचावरून धरू नका. तोंड उघडा. पुढचे दुधाचे दात लहान, पांढरेशुभ्र असतात, मधली जोडी साधारण अडीच वर्षाला पडून मोठे दात येतात, बाजूची जोडी साडेतीनला, कडेची साडेचारला, आणि पाचला तोंड भरतं. बाजारात अदंत, दोन दाती, चार दाती म्हणतात ते हेच. दोन-चार महिने इकडे तिकडे होतात, पण विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा हे बरं.

आता हाडांचं. शिंगराची हाडं टोकाशी वाढतात, तिथे कुर्चेचा थर असतो, आणि तो बंद व्हायचा क्रम साधारण खालून वर जातो. खुराजवळची लवकर, वर्षाच्या आतच बंद होतात. पुढच्या गुडघ्याच्या वरचा थर बंद व्हायला दोन-अडीच वर्षं लागतात. आणि सगळ्यात शेवटी काय बंद होतं तर पाठीचा कणा, पाच-साडेपाच वर्षं, मोठ्या नराला सहा पण. म्हणजे आपण जिथे बसतो तेच सगळ्यात उशिरा पक्कं होतं! हे मला सोन्याच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर. लोक म्हणतात रेसचे घोडे दोन वर्षांचेच पळतात की. पळतात, पण तिथला जॉकी 50-55 किलोचा, खाली माती राखलेली, दारात डॉक्टर उभा, आणि त्यातले कितीतरी लवकर मोडतात पण. आपल्याला घोडा वीस वर्षं वापरायचाय.

वजनाचा हिशोब पण एकदा करून बघा, काटा लागत नाही. टेलरची टेप घ्या, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, आलेला आकडा म्हणजे अंदाजे किलो. सोन्याचा घेर तेव्हा 150 आणि लांबी 142 होती, म्हणजे जवळपास 269 किलो. पूर्ण वाढलेल्या, तयार घोड्यावर खोगीर धरून त्याच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत ओझं टाकावं असं मानतात, म्हणजे 54 किलो, आणि ते पण वाढलेला असता तर. मी टाकत होतो 90 च्या आसपास. हे गणित मी नंतर केलं आणि त्या रात्री जेवलो नाही.

बरं, मग चार वर्षं करायचं काय, नुसतं बांधून ठेवायचं? तिथेच तर खरं काम आहे, बसणं हा त्यातला शेवटचा छोटा भाग.

पहिलं वर्ष. आईपासून पाच-सहा महिन्यांच्या आत तोडू नका, आणि तोडल्यावर एकटं ठेवू नका. एकट्या वाढलेल्या शिंगराला किती जोरात चावायचं, कधी मागे सरायचं हे कोणी शिकवत नाही, मग ते आपल्यावर प्रयोग करतं. हरणी माझ्याकडे आठ महिन्यांची आली तेव्हा सोन्यासोबत मोकळी सोडली, दोन दिवस त्याने कान मागे टाकून तिला हाकललं, तिसऱ्या दिवसापासून तिला कळलं की दुसऱ्याच्या अंगावर जायचं नसतं. मला ते शिकवायला सहा महिने लागले असते. आणि हातावर गूळ ठेवून भरवायचं बंद करा प्लीज, विशेषतः लहान पोरांनी. दोन महिन्यात खिसे हुंगायला लागतं, मग खिसा फाडतं, मग लोक म्हणतात चावरं आहे. शाबासकी द्यायचीच असेल तर वाढोळाशी, म्हणजे मान जिथे पाठीला मिळते तिथे, बोटांनी खाजवा, घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्याने ते खरंच शांत होतात, ओठ लांब करून उभं राहील बघा.

या वर्षात एवढंच शिकवायचं: म्होरकी (तोंडावर बांधायची दोरी) घालून घेणं, दोरीसोबत चालणं, चारी पाय उचलू देणं, खरारा करून घेणं, अंगावर कुठेही हात लावू देणं. पण यातली दोरीची गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं ट्रेनिंग याच्यावरच उभं आहे. घोडा ओढण्याने शिकत नाही, सोडण्याने शिकतो. तुम्ही दोरी हलकी ताणली, त्याने अर्धं पाऊल पुढे टाकलं, त्याच क्षणी दोरी ढिली. त्याच क्षणी म्हणजे त्याच क्षणी, दोन सेकंदांनी नाही. त्याला कळतं की पाऊल टाकलं की ताण जातो. आपण बरोब्बर उलटं करतो, तो अडला की ओढतो, त्याने मागे झटका दिला की दोरी सुटते, म्हणजे त्याला शिकवलं काय, तर झटका दिला की सुटका. मग म्हणायचं हट्टी आहे! पाय उचलायचं पण तसंच, पहिल्या दिवशी पाय नुसता हलका केला तरी सोडून द्या, आठ दिवसात नालबंदासमोर उभा राहील. नालबंदाला दर सहा ते आठ आठवड्यांनी बोलवून खूर छाटून घ्या, नाल या वयात मारायची गरज नाही.

शिंगराला म्होरकीने घट्ट खुंटाला बांधून ओढाताण करू देऊ नका, मानेला कायमची इजा होते. आणि अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोऱ्या, लावून बावीस तास उभं करायचं आणि दोन तास सोडल्यावर ते उधळलं की फटके द्यायचे, हे तर मला समजतच नाही. आपण बावीस तास एका जागी बसलो तर काय करू? जागा कमी असेल तर निदान बांबूचं कुंपण घालून अर्धा गुंठा मोकळा द्या, मोकळ्या पळण्याने हाड आणि शीर दोन्ही घट्ट होतात.

खाण्याचं थोडक्यात. चारा मुख्य, खुराक वरून थोडा. आपल्याकडे गव्हाचा कोंडा भरपूर घालायची सवय आहे, स्वस्त पडतो म्हणून. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, नुसत्या कोंड्यावर वाढवलं तर हाडं कच्ची राहतात आणि तोंडाची हाडं सुजतात पण. सोबत लसूण घास द्या, त्यात कॅल्शियम चांगलं असतं. कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला घालू नका, ती बैलाला पण बाधते. मिठाचा खडा टांगून ठेवा. धनुर्वाताची लस चुकवू नका, घोड्याला तो फार पटकन होतो आणि वाचत नाही बहुतेक वेळा. जंताचं औषध, डोस सगळं डॉक्टरला विचारून. नर असेल आणि तुम्हाला पैदास करायची नसेल तर वर्ष-दीड वर्षाला थंडीच्या दिवसात खच्ची करून घ्या, भाव कमी येतो म्हणून लोक टाळतात आणि मग वरातीत घोडी दिसली की तो नर कोणालाच आवरत नाही.

दुसरं वर्ष हे फिरायचं. हातात दोरी धरून पायी. मी हरणीला घेऊन रोज अर्धा तास चालायचो, लोक हसायचे, घोडा असून पायी चाललाय म्हणे. पण त्या अर्ध्या तासात तिने जे बघितलं ते बसून दाखवायला गेलो असतो तर माझी हाडं मोडली असती. आमच्याकडे ऊसतोड चालू झाली की ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर लाऊडस्पीकरवर गाणी, रात्री लाईटच्या माळा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती ओढ्यात उतरली आणि मी पण तिच्यामागे. मग काय केलं, ट्रॅक्टर जिथून जातो तिथून शे-दीडशे फुटांवर बांधाला उभं राहायचं, ती बघते पण खाते आहे एवढ्या अंतरावर. मान खाली गेली, जीभ-ओठ हलवले, मोठा श्वास सोडला की घरी. दुसऱ्या दिवशी दहा पावलं जवळ. महिनाभर लागला. शेवटी मी ओळखीच्या ड्रायव्हरला सांगून ट्रॉली हळू पुढे न्यायला लावली आणि आम्ही तिच्या मागून चाललो, घोड्याला जी गोष्ट आपल्यापासून लांब पळते तिची भीती राहत नाही. हीच ट्रिक बुलेटला, फडफडणाऱ्या ताडपत्रीला, सगळ्याला चालते. घोडं घाबरलेलं असताना त्याला धरून त्या वस्तूसमोर उभं करू नका, ते थकून गप्प होतं, आपल्याला वाटतं सवय झाली, आणि एक दिवस ते सगळं साठलेलं बाहेर येतं.

दरवर्षी आमच्या खुडूसला माउलींचं गोल रिंगण असतं, लाखभर माणूस, टाळ-मृदंग, आणि मधून माउलींचा अश्व पाठीवर कोणी नसताना दौडतो, बुजत नाही, माणसांत घुसत नाही. बघणारे हात जोडतात, मी पण जोडतो, पण मनात येतंच की या घोड्यासोबत कोणीतरी किती दिवस चाललं असेल.

अजून एक, घोड्याला नाकाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या बरोबर मागे दिसत नाही, बाकी जवळपास गोल सगळं दिसतं. म्हणून जाताना खांद्याकडून जा, बोलत जा. आणि डाव्या बाजूने शिकवलेलं सगळं उजव्या बाजूने परत शिकवा, डावीकडून ताडपत्री बघून शांत असलेला घोडा कधी कधी उजवीकडून तीच बघून उडतो, जणू नवीनच.

गोल फिरवणं, म्हणजे लांब दोरीवर चक्कर, हे यूट्यूब बघून सगळ्यांना आवडायला लागलंय. जपून. छोट्या वर्तुळात पाय सतत वाकडा पडतो, कोवळ्या सांध्यांवर तो ताण वाईट. करायचंच असेल तर दोन वर्षांनंतर, निदान साठ फुटांचं वर्तुळ, बहुतेक चालीवर, दोन्ही बाजूंना मिळून दहा मिनिटं, आठवड्यात दोनदा बास. खोल वाळूत तर नकोच. आणि नाच? जत्रेत खाटेवर नाचवतात ते बघून कोणाला शिकवायचा मोह झाला तर माझं मत स्पष्ट आहे, कोवळ्या गुडघ्यांवर तो खेळ करू नका, ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

अडीच ते साडेचार हा सगळ्यात डोकं खाणारा काळ आहे. या दोन वर्षांत घोड्याचे 24 दुधाचे दात पडतात आणि नवे येतात, बारा पुढचे आणि बारा दाढा. कधी दुधाच्या दाढेचं टोपण नव्या दाढेवर अडकून राहतं. परवापर्यंत छान चालणारं जनावर अचानक मान झटकायला लागतं, दाणे तोंडातून सांडतात, दोरी धरली की वाकडं तोंड. तेव्हा आधी दात बघा, मग स्वभाव. पहिल्या दाढेपुढे कधी कधी एक बारकी फालतू दाढ असते, लगामाची तोंडातली कडी तिच्यावर आपटते, ती लगाम घालायच्या आधीच डॉक्टरकडून काढून घ्यावी. याच काळात मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच होतो, मग पुढचा वर येतो, परत मागचा, तोल रोज बदलतो, कालचं आज येत नाही. चिडू नका, दोन आठवडे सुट्टी द्या, नुसतं चरू द्या. मला भीती वाटायची सगळं विसरेल म्हणून. काही विसरत नाहीत, उलट सुट्टीनंतर जास्त नीट करतात.

लगाम साधा, गुळगुळीत, मध्ये सांधा असलेला किंवा बिनसांध्याचा. काटेरी कडी घालू नका, 1965 च्या ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांच्या नियमांत ती बंद आहे, तरी बाजारात मिळते. पहिले आठ-दहा दिवस म्होरकीवरूनच लगाम घालून नुसतं चघळू द्या, ओढायचं काहीच नाही. मग मागून दोन लांब दोऱ्या धरून, आपण तिच्या मागे बाजूला चालत, वळायला-थांबायला शिकवायचं. हे मला सगळ्यात आवडलेलं काम. "होऽऽ" म्हणजे थांब, "चल" म्हणजे चल, एका कामाला एकच शब्द, आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. माझा भाऊ थांबवायला "हूश्श" म्हणायचा, मी "होऽऽ", बिचारी मध्ये गोंधळायची. पाठीवर बसायच्या आधी घोड्याला ब्रेक माहीत पाहिजे, एवढं साधं आहे.

आता बसायचं. हरणीवर मी चार वर्षं होत आली तेव्हा बसलो, दहा मिनिटं. त्याआधी दोन महिने तयारी. आधी पाठीवर पोतं, मग गादी, मग खोगीर बिनतंगाचं, मग तंग एक भोक, दोन पावलं चालवून अजून एक भोक. एकदम आवळलं तर ती भीती जन्मभर राहते, सोन्याला विचारा. रिकिबी लोंबकळत ठेवून फिरवा म्हणजे पोटाला काही लागलं तर उडणार नाही. मग शेजारी ओट्यावर उभं राहून तिला वरून आपण दिसायची सवय, पाठीवर हात टाकून नुसतं रेलायचं, मग पोटावर आडवं पडायचं पाच सेकंद आणि खाली उतरायचं, दोन्ही बाजूंनी. एक ओळखीचा माणूस तोंडाशी पाहिजेच. आणि पहिला बसणारा हलका बघा, मी स्वतःआधी माझ्या 52 किलोच्या भाच्याला बसवलं, तो हेल्मेट घालून, आणि हसू नका, हेल्मेट घालाच. ज्या दिवशी कान मागे, शेपूट आवळलेली, पोट ताठ, त्या दिवशी बसायचं नाही, परत पोत्यावर यायचं.

पहिले तीन महिने आठवड्यात तीन दिवस, पंधरा-वीस मिनिटं, फक्त चाल, सरळ रस्त्याने. मग थोडी दुडकी. चाल झाली, चांगलं केलं, लगेच उतरा. आपली चूक इथे होते, छान चाललंय म्हणून अजून एक चक्कर, अजून एक, आणि शेवटी थकून ती चुकते, मग रागावून उतरतो, आणि तिच्या डोक्यात राहतं ते शेवटचं. भरधाव पाच वर्षांच्या आत नाही. डांबरी रस्त्यावर तर दुडकी पण नको. उन्हाळ्यात आमच्या सोलापूर जिल्ह्यात 40 च्या वर पारा, तेव्हा काम पहाटे सहाच्या आधी नाहीतर नाहीच.

ज्यांना वेळ नाही त्यांनी चाबुकस्वाराकडे, म्हणजे घोडा शिकवणाऱ्याकडे, घोडा द्यावा, पण देताना पहिले चार दिवस जाऊन बघा. पंधरा दिवसात तयार करून देतो म्हणणारा असेल तर घोडा तिथून घरी आणा. माझ्या ओळखीतला एक म्हातारा चाबुकस्वार होता, तो पहिला आठवडा घोड्यासमोर बसून नुसती बिडी ओढायचा. पैसे कशाचे घेतो म्हणून लोक भांडायचे त्याच्याशी.

हरणी आता साडेचार वर्षांची आहे, कडेचा एक दात पडलाय, दुसरा हलतोय, म्हणून गेल्या आठवड्यापासून लगाम बंद करून परत म्होरकीवर फिरवतोय. मी 78 वरून 71 वर आलोय, तिच्यासाठी. काल कालव्यावर मागून ट्रॉली आली, गाण्यांसकट, तिने एक कान मागे फिरवला आणि गवताला तोंड लावलं.